'सिनेमा पॅराडिसो' पाहून रडू न आलेलं इथे कोणी आहे का?

गोकुळपेठ_वाचनालय

जुझेप्पे तोर्नातोरेचा 'सिनेमा पॅराडिसो' (१९८८) या आठवड्यात पाहिला. सिनेमाची आवड असलेलं जे कोणी भेटलं, त्याने आजवर एकच बजावलं होतं: शेवटी हुंदका आवरत नाही, रुमाल जवळ ठेव. हुंदका सोडा, मला साधं गलबलूनही आलं नाही.

सिनेमा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आल्फ्रेदोचं काम करणारा फिलिप न्वारे फार आवडला. एन्यो मोरिकोनेचं संगीत दोन दिवस डोक्यात होतं. पण जिथे जग रडतं तिथे मी कोरडीच राहिले, आणि असं का झालं याचा विचार काही डोक्यातून जात नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा सांगते (शेवटासकट, सांभाळून वाचा). सिसिलीतलं लहान गाव, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. तोतोचे वडील रशियाच्या आघाडीवरून परतत नाहीत. गावच्या थेटरातला ऑपरेटर आल्फ्रेदो या पोराला मशीन चालवायला शिकवतो. गावचा पाद्री प्रत्येक सिनेमा आधी स्वतः पाहतो, चुंबन आलं की घंटी वाजवतो, आणि आल्फ्रेदोने तेवढा तुकडा कापायचा. पुढे केबिनला आग लागते, आल्फ्रेदोचे डोळे जातात, तोतो त्याच्या जागी ऑपरेटर होतो, प्रेमात पडतो, मुलगी दुरावते. आल्फ्रेदो त्याला गाव सोडायला लावतो आणि बजावतो: परत येऊ नकोस, पत्र लिहू नकोस, जुन्या आठवणींत अडकू नकोस. तीस वर्षांनी रोममधला नावाजलेला दिग्दर्शक होऊन तो आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेला परततो. थेटर पाडून तिथे गाड्यांसाठी जागा करायची असते. आल्फ्रेदोने त्याच्यासाठी एक रीळ ठेवलेलं असतं. त्यात ती सगळी कापलेली चुंबनं एकापुढे एक जोडलेली.

मला वाटतं, हा सिनेमा गाव सोडून गेलेल्या माणसाचा आहे. कॅमेरा त्याच्यासोबत जातो आणि त्याच्यासोबतच परत येतो. मधल्या तीस वर्षांत गावात जे राहिले, त्यांचं काय झालं? आई आहे, आल्फ्रेदोची बायको आहे, तिकीट काढून येणारी सगळी माणसं आहेत. ती आपली तोतोची वाट पाहत जागच्या जागी म्हातारी होतात.

मी नागपुरात जन्मले, नागपुरातच शिकले, नागपुरातच नोकरी करते. सीताबर्डीवर उड्डाणपूल झाला, २०१९ ला मेट्रो धावायला लागली, टॉकीज गेली, कॉम्प्लेक्स आले. हे सगळं आम्ही धूळ खात, डायव्हर्जनमधून गाडी काढत पाहिलं. व्हरायटी चौकाला टॉकीजचं नाव राहिलं आणि त्या नावाने रोज ऑटो मिळतो. जे डोळ्यांसमोर थोडंथोडं जातं, त्याचं दुःख एका रिळात जोडून कोणी आपल्या हातात देत नाही.

तुम्हाला रडू आलं का? आलं तर नेमकं कुठे? आणि नसेल आलं तर तेही सांगा.

---

तर्री_जास्त

ताई, मी तर पाद्र्याने पहिली घंटी वाजवली तेव्हापासूनच डोळे पुसून राहिलो होतो. हसून हसून. शेवटाला पाणीच शिल्लक नव्हतं.

---

पुण्यातला_नागपूरकर

तुमचं निदान माझ्यापुरतं अगदी बरोबर आहे. मी २००६ पासून पुण्यात आहे आणि हा सिनेमा माझ्याच्याने पूर्ण पाहवत नाही.

पण मी चुंबनांच्या रिळापर्यंत पोचतच नाही. तोतो परत येतो ती जागा आठवते? आई वरच्या खोलीत विणत बसलेली असते. टॅक्सीचा आवाज येतो, ती उठून जाते, आणि लोकरीचा धागा तिच्या कपड्यांत अडकल्यामुळे विणलेलं सगळं उसवत जातं. कॅमेरा खाली जात नाही. तो त्या उसवणाऱ्या विणकामावर थांबतो, मग खिडकीतून खाली दोघं भेटलेले दिसतात. दिवाळीच्या गाडीने मी अजनीला उतरतो तेव्हा आई फाटकात उभी असते, आणि किती वेळची उभी आहे हे ती कधीच सांगत नाही.

तेव्हा राहिलेल्या माणसांना सिनेमाने जागा दिली नाही, हे मला मान्य नाही. कमी दिली असेल. पण जी दिली ती फार नेमकी आहे.

---

रिळवाला

माझे वडील बर्डीवरच्या एका टॉकीजात ऑपरेटर होते. धागा वाचून बराच वेळ थांबलो, मग लिहायला घेतलं.

बाहेरच्यांना केबिन म्हणजे काहीतरी जादूची खोली वाटते. तिथे काय चालायचं ते सांगतो. दोन मशीन. एक रीळ २,००० फुटांचं, चालायला वीसेक मिनिटं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, पुन्हा ठिपका आला की बदलायचं. खाली बसलेल्याला कळलं नाही तर काम नीट झालं. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये ज्योत. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, पडदा अंधारतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. म्हणून डोळा सतत त्या ज्योतीवर, हात कांड्या सरकवायच्या मुठीवर. धूर बाहेर काढायला नळकांडं होतं, तरी केबिनात धूर असायचाच. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश, मग आत काय असेल ते तुम्हीच समजा. झेनॉनचा दिवा आला तेव्हा बाबा म्हणाले, आता निदान श्वास घेता येतो.

दिवाळीला मोठा सिनेमा लागायचा. म्हणजे दिवाळीला बाबा घरी नसायचे, कधीच. हे आम्ही गृहीत धरलेलं होतं.

सिनेमात एका जागी आल्फ्रेदो लहान तोतोला सांगतो, हे काम करू नकोस. एकटा पडशील. एकच सिनेमा शंभरदा पाहायचा, उन्हाळ्यात भाजायचं, हिवाळ्यात गारठायचं, सणालाही सुट्टी नाही, फक्त गुड फ्रायडेला. मी तिथे रडलो. चुंबनांच्या रिळावर मला काहीच वाटलं नाही. बाबांनीही मला हेच सांगितलं होतं, जवळपास याच शब्दांत, आणि केबिनचं दार माझ्यासाठी बंद केलं होतं. त्यांचं ऐकून मी आयटीआय केलं.

गोकुळपेठ ताई, तुमचा मुद्दा मला पटला, पण एक भर घालतो. आल्फ्रेदो हाच मुळी न गेलेला माणूस आहे. तो गावात राहतो, आंधळा होतो, तिथेच मरतो. या सिनेमातला सगळ्यात मोठा माणूस गाव न सोडलेला आहे.

---

तर्री_जास्त

@रिळवाला, भाऊ, काय लिहिलं राजा. आता मी खरंच डोळे पुसून राहिलो.

---

फिल्म_सोसायटी

एक महत्त्वाची गोष्ट कोणीच विचारली नाही. धागाकर्तीने कोणती आवृत्ती पाहिली?

इटलीत १९८८ ला सिनेमा लागला तेव्हा तो १५५ मिनिटांचा होता आणि तिथे चालला नाही. मग कापून १२४ मिनिटांचा केला. १९८९ ला कान महोत्सवात ज्यूरींचा विशेष ग्रां प्री मिळाला आणि १९९० ला परकीय भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर. जग ज्याच्यावर रडतं तो हा कापलेला सिनेमा. २००२ साली १७३ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्ती आली आणि तिच्यात सगळंच बदलतं. मोठा झालेला साल्वातोरे (म्हणजे तोतोच) एलेनाला, त्या दुरावलेल्या मुलीला, पुन्हा भेटतो. त्याला कळतं की ती त्याला सोडून गेलीच नव्हती, आल्फ्रेदोने तिला समजावून दूर पाठवलं होतं. तिने ठेवलेली चिठ्ठी इतकी वर्षं केबिनातल्या कागदांत पडून होती.

छोट्या आवृत्तीत आल्फ्रेदो संत आहे. मोठ्या आवृत्तीत तो एका पोराच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेतो. १७३ मिनिटांचा पाहा, मग बोलू.

---

गोकुळपेठ_वाचनालय

@फिल्म_सोसायटी, छोटीच पाहिली. १२४ मिनिटं. पण मोठी आवृत्ती पाहिल्याशिवाय मत मांडू नये, हे काही मला पटलं नाही. लोक पस्तीस वर्षं रडत आले ते याच छोट्या आवृत्तीवर.

तुम्ही जे सांगितलं त्याने तर माझी शंका आणखी वाढली. म्हणजे एका माणसाने मोठं व्हावं म्हणून एका मुलीला कोणी न विचारता बाजूला केलं, आणि कापलेल्या सिनेमाने तिची बाजूही कापून टाकली. पाद्र्याने चुंबनं कापली ती निदान शेवटी परत मिळाली.

@रिळवाला, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आल्फ्रेदो न गेलेला आहे हे मी असं पाहिलंच नव्हतं. पण तो स्वतःच्या राहण्याला काय किंमत देतो? पोराला म्हणतो, इथे राहिलास तर तुला वाटेल जग एवढंच आहे. माझ्यासारखीला ते बोचतं.

---

मॅटिनी_धंतोली

मी इथली बहुधा सर्वांत जुनी सदस्य. नातीने मोबाईलवर मराठी टंकायला शिकवलं तेव्हापासून वाचते आहे.

मलाही या सिनेमाने रडवलं नाही, पण कारण वेगळं. जुन्या टॉकीजच्या दिवसांची जी हळहळ पुरुष मंडळी करतात, ती मला कधीच आपली वाटली नाही. त्या दिवसांत मला एकटीने टॉकीजात जाता येत नव्हतं. बायकांची रांग वेगळी, बसायची जागाही बऱ्याचदा वेगळी, सोबत कोणीतरी हवंच, आणि शेवटचा खेळ तर विचारूच नये. मॅटिनी तेवढी चालायची, तीही सासूबाईंची दुपारची झोप आणि मुलांची शाळा सांभाळून. अंधारात मागच्या रांगेतून काय काय सोसायला लागायचं ते माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. आज मी मेट्रोने जाते, मॉलमध्ये एकटी बसून सिनेमा पाहते. माझ्या दृष्टीने सोन्याचे दिवस हे आहेत.

'पॅराडिसो'त बाल्कनीतला एक सभ्य गृहस्थ खालच्या स्टॉलवाल्यांवर थुंकतो, आठवतं? सगळे हसतात. मला त्यात हसू आलं नाही. खाली बसणाऱ्यांना विचारा.

---

इंदोरा_ते_इंडियाना

मॅटिनी काकू, नमस्कार. खाली बसणाऱ्यांतला मी.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केलेली ती मिल, आज त्या जागेवर मॉल आहे. पाळी सुटली की आजोबा आणि त्यांचे साथीदार स्टॉलचं तिकीट काढायचे. आजोबा सांगायचे, गावाकडे त्यांना पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, पण इथे टॉकीजात दिवे गेले की शेजारचा कोण हे कोणी विचारत नव्हतं. तिकीट घेतलं की खुर्ची आपली. बाल्कनी परवडत नव्हती, ते खरं. पण पडदा तोच होता.

तेव्हा काकू, टॉकीजची हळहळ सगळ्यांची सारखी नाही हे तुमचं बरोबर, पण ती फक्त वरच्यांची होती असंही नाही. ज्यांना बाकी कुठे सहज शिरता येत नव्हतं, त्यांच्यासाठी ती जागा मोठी होती.

आता मूळ प्रश्न. मी अमेरिकेत राहतो, म्हणजे पुण्यातल्या भावापेक्षा लांब. तरी मला रडू आलं नाही. तोतोला परत जायला एक थेटर होतं, एक चौक होता, ओळखणारी माणसं होती. मला आठवतं ते मिलच्या भोंग्याबद्दल आजोबांनी सांगितलेलं, मी स्वतः न ऐकलेलं. जे आपण स्वतः गमावलेलंच नाही, त्याच्यासाठी रडता येत नाही, फक्त राग येतो. ती मिल बंद पडल्यावर कामगारांच्या देण्यांसाठी किती काळ खेटे घालायला लागले, ते आमच्या घरात अजून बोललं जातं. त्यावर कोणी संगीत दिलं नाही.

---

मॅटिनी_धंतोली

इंदोरा, बाळा, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझे आजोबा आणि मी कदाचित एकाच टॉकीजात, एकाच खेळाला बसलो असू. ते खाली, मी बायकांच्या रांगेत. अंधार त्यांच्या बाजूचा होता, माझ्या नव्हता. दोन्ही खरं.

---

अवनी_टू_पॉइंट_झिरो

माझं वय २१. कॉलेजच्या क्लबमध्ये पाहिला. खरं सांगू का, शेवटचं रीळ सुरू झालं तेव्हा आमच्यातल्या अर्ध्यांना कळलंच नाही की यात रडायचं काय आहे. कापलेलं चुंबन म्हणजे काय हे आम्हाला माहीतच नाही, फोनवर सगळंच दिसतं. सर सांगायला लागले तेव्हा समजलं, पण समजून रडू येत नाही.

मला मात्र आग लागते तो भाग फार भिडला. त्याआधी आल्फ्रेदो सिनेमा समोरच्या घराच्या भिंतीवर पाडतो, थेटरात जागा न मिळालेले लोक चौकात उभे राहून पाहतात, आणि त्याच आनंदात केबिन पेटते. रीळ इतकं भराभर पेटतं हे खरं आहे का? की सिनेमासाठी वाढवून दाखवलंय?

---

रिळवाला

@अवनी, वाढवून नाही. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेचीही गरज पडत नाही, पाण्यातही जळत राहते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवणं बंद झालं आणि ॲसिटेटची, न भडकणारी फिल्म आली. सिनेमातही आगीनंतर नवीन थेटर होतं तेव्हा आता न जळणारी फिल्म आलीय असा उल्लेख आहे. बाबांच्या काळात नायट्रेट नव्हती, तरी केबिनात वाळूच्या बादल्या ठेवायचा नियम होता आणि बाबांनी आयुष्यात बिडी ओढली नाही ती त्या सवयीने.

---

फिल्म_सोसायटी

अवांतर आहे, पण सांगायलाच हवं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसकट कितीतरी जुन्या सिनेमांची मूळ रिळं गेली. त्यामुळे आल्फ्रेदोचं ते एक वाचलेलं रीळ पाहताना मला आपली न वाचलेली रिळं दिसतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं, तोवर मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं हातचं गेलेलं होतं. जुन्या फिल्मा त्यांच्यातल्या चांदीसाठी विकल्या जायच्या. मी रडतो तो याच्यासाठी, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही.

---

काटोल_रोड

आपल्याकडे पाद्री नव्हता, सेन्सॉर बोर्ड होतं. पण एक गंमत पाहा. १९३३ च्या 'कर्मा'मध्ये देविका राणी आणि हिमांशु राय यांचं चुंबन आहे आणि नंतर कित्येक दशकं पडद्यावर दोन फुलं एकमेकांवर डोलून राहिली. १९६९ च्या खोसला समितीने अहवालात सांगितलं की कथेला धरून असेल तर चुंबन कापायचं कारण नाही. तरी फुलं डोलतच राहिली.

---

तर्री_जास्त

अन् आमच्या टॉकीजात ती फुलं आली तरी शिट्ट्या वाजायच्या. पब्लिकला सगळं समजत होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा राजेहो, त्या मोरिकोनेचं संगीत काढून टाकलं त किती जण रडतीन? मी आवाज बंद करून शेवट पाह्यला. काईच नाही झालं. मंग आवाज लावून पाह्यला, अन् गळा भरून आला. म्हंजे रडवते कोन? त्यातली प्रेमाची धून त त्याच्या पोरानं, आंद्रेआनं रचली म्हन्तात. बाप-लेकानं मिळून जगाले रडवलं. हे मले थोडं फसवल्यासारखं वाटते.

---

पुण्यातला_नागपूरकर

@वऱ्हाडी_ठेचा, संगीत काढलं तर कीर्तनही नुसतं भाषण उरेल. संगीत सिनेमाच्या बाहेरचं आहे असं मानायचं कशाला?

---

वऱ्हाडी_ठेचा

कीर्तनात बुवा आधी समजावून सांगते, मंग टाळ वाजते. हा सिनेमा टाळच वाजवत राह्यते भाऊ. एक एक सीन उलगडाच्या आत व्हायोलिन. मले इच्यार कराले जागाच नाही ठेवत. ताईले रडू नाही आलं त मले वाटते त्या इच्यार करून राहिल्या होत्या, म्हनून.

---

संपादक_मंडळ

चर्चा छान चालली आहे. पुणे विरुद्ध नागपूर या विषयावरचे तीन प्रतिसाद काढले आहेत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

---

सी_पी_अँड_बेरार

उशिरा आलो. जुना वितरणाचा माणूस आहे, थोडं त्या अंगाने लिहितो.

नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची (इंग्रजीत सी.पी. अँड बेरार) आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. ते राज्य गेलं, पण सिनेमाच्या धंद्यात 'सी.पी. बेरार' हा इलाखा पुढेही कायम राहिला. आमच्या भागाचा कारभार भुसावळ आणि अमरावतीहून चालायचा. रिळांच्या पेट्या रेल्वेने, एसटीने यायच्या. एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालवायची तर एका ठिकाणी चाललेलं रीळ सायकलवर दुसरीकडे. 'पॅराडिसो'त तो सायकलवाला उशीर करतो आणि लोक आरडाओरडा करतात, तो प्रसंग आमच्याकडे रोजचा होता. पुढे सिनेमा सॅटेलाइटवरून थेट टॉकीजात यायला लागला, २०१२-१३ च्या सुमारास प्रिंट येणं जवळपास थांबलं, आमचं काम संपलं.

मला सिनेमातली एक गोष्ट खटकते. थेटर पाडतात तेव्हा सगळं गाव जमून रडतं. पण ते बंद का पडलं? मालक स्वतः सांगतो, लोक यायचेच बंद झाले, टीव्ही आला, व्हिडिओ आला. मग हे रडणारे कोण? हेच ते न येणारे. नागपुरातही टॉकीज पडल्याची बातमी आली की फोनवर हळहळीचे मेसेज फिरतात. त्यांतल्या प्रत्येकाला मला विचारावंसं वाटतं, तुम्ही शेवटचं तिकीट केव्हा काढलं होतं? हळहळ फुकट असते. तिकिटाला पैसे पडत होते. सिनेमाने हा प्रश्न गावकऱ्यांना विचारायला हवा होता. त्याने त्यांना जवळून, संथपणे दाखवलं आणि सोडून दिलं. म्हणून मीही रडलो नाही.

---

रिळवाला

@सी_पी_अँड_बेरार, साहेब, शब्दन् शब्द खरा. बाबांच्या टॉकीजात शेवटच्या महिन्यांत मॅटिनीला दहा-बारा माणसं असायची, त्यांतली निम्मी एसीसाठी. बंद झालं त्या दिवशी फोटो काढायला मात्र रस्ता भरला होता.

---

अवनी_टू_पॉइंट_झिरो

पण काका, लोकांनी काय करायला हवं होतं? घरी टीव्ही असताना फक्त टॉकीज जगावं म्हणून जायचं? मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. आवडलेली गोष्ट आपण सोडतो आणि मग तिच्यासाठी रडतो, हे खोटं कसं? आजीच्या हातचं लोणचं मी कधी शिकले नाही, म्हणून ते संपल्यावर मला वाईट वाटायचा हक्क नाही का?

---

सी_पी_अँड_बेरार

हक्क आहे, पोरी. माझं म्हणणं सिनेमाबद्दल आहे. वाईट वाटण्यात आपला वाटा किती, एवढं त्याने दाखवलं असतं तर तो मोठा झाला असता. आज तो फक्त गोड आहे.

---

इंदोरा_ते_इंडियाना

त्या चौकातला वेडा कोणाला आठवतो का? 'चौक माझा आहे' म्हणून ओरडत फिरणारा. सुरुवातीला तो लोकांना हाकलून चौक रिकामा करतो. तीस वर्षांनी साल्वातोरे परत येतो तेव्हाही तो तिथेच आहे, उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधून चालतोय, अजून तेच म्हणतोय. गोकुळपेठ ताई, तुम्ही विचारलं होतं की राहिलेल्यांचं काय झालं. एक माणूस राहिला आणि त्याने चौकावरचा हक्क सोडला नाही, तर सिनेमाने त्याला वेडा ठरवलं. तुमच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा मला तरी सापडत नाही.

---

पुण्यातला_नागपूरकर

किंवा उलट, भाऊ. सगळं बदललं, आणि एकटा तोच आपल्या जागेला धरून राहिला. साल्वातोरे त्याच्याकडे पाहतो ते जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

---

गोकुळपेठ_वाचनालय

सगळ्यांचं वाचून पुन्हा पाहिला, या वेळी मोठी आवृत्ती.

रडू या वेळीही आलं नाही. पण आता मी का रडत नाही ते मला नीट सांगता येईल. आल्फ्रेदो सांगतो, आठवणींत अडकू नकोस. साल्वातोरे तीस वर्षं त्याचं ऐकतो आणि कोरडा होत जातो. आई त्याला म्हणते, मी फोन करते तेव्हा दर वेळी वेगळी बाई उचलते, पण तुझ्यावर जीव लावणारी एकही आवाजावरून वाटली नाही. हे वाक्य सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. आल्फ्रेदोच्या सल्ल्याने काय झालं याचा हिशेब आई एका वाक्यात मांडते. आणि त्यानंतर सिनेमा काय करतो? तो हिशेब बाजूला ठेवून चुंबनांचं रीळ लावतो. जणू त्या रिळाने फिटलं सगळं. माझ्या मते नाही फिटलं. एलेनाचं तर मुळीच नाही.

पुण्यातल्या दादांचं विणकाम मला दुसऱ्यांदा पाहताना फार आवडलं. तो प्रसंग सिनेमाच्या शेवटाहून मोठा आहे. तो करणाऱ्या दिग्दर्शकाने आईला आणखी दहा मिनिटं द्यायला हवी होती.

---

फिल्म_सोसायटी

एवढं विचारपूर्वक न रडणारा प्रेक्षक तोर्नातोरेलाही आवडेल. मी मात्र रडतच राहणार.

---

पुण्यातला_नागपूरकर

मी एक केलं. या वेळी नागपूरला आलो तेव्हा आईला सिनेमा दाखवला. तिने आयुष्यात इटालियन सिनेमा पाहिलेला नाही. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत गेलो.

विणकाम उसवतं तिथे मी तिच्याकडे पाहिलं. ती शांत होती. म्हणाली, घाईत सुई टोचली असती तिला. शेवटच्या रिळाच्या वेळी मीच नाक ओढत होतो, ती नाही. संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? तर चिडलेली होती. म्हणाली, "तो मशीनवाला कोण लागून गेला पोराला पत्र लिहू नको सांगणारा? आईला विचारलं होतं का त्याने?"

---

रिळवाला

काकूंना नमस्कार सांगा. आणि दादा, त्यांना १७३ मिनिटांची आवृत्ती अजिबात दाखवू नका, नाहीतर आल्फ्रेदोची काही खैर नाही.